अक्काला आणायला गेलो त्याची हकीकत

आमच्या मराठी मंडळाच्या अंकात दरवर्षी कुणी ना कुणी आपला प्रवास लिहितं. मागच्या साली वकीलसाहेबांनी सिंगापूर लिहिलं, त्याच्या आदल्या साली एका बाईंनी केदारनाथ लिहिलं. मी हुबळीहून धारवाडला गेलो होतो, ते लिहितो. हसायचं त्यांनी हसून घ्यावं. वाटेत नवनगर लागतं, रायापूर लागतं, समुद्र कुठे लागत नाही, हे मलाही ठाऊक आहे. तरी मी परदेशी जाऊन आलो असं म्हणतो, आणि एकदा म्हटलं म्हणजे म्हटलं.

लिहिण्याचं म्हणाल तर मी चौथीपर्यंत शिकलेला. पाचवीच्या गुरुजींचं आणि माझं पटलं नाही. मग वडिलांच्या मिरचीच्या दुकानात जो बसलो, तो माझ्या मुलाने, सुरेशने, "अप्पा, आता घरी बसा" म्हणून उठवेपर्यंत. तेव्हापासून घरी बसून आहे. दुपारी एकटा जेवतो. एकटा म्हणजे समोर टीव्हीत बातम्या सांगणारी बाई असते. सुरेश दुकानात, सूनबाई बँकेत, नात तिच्या क्लासला. प्रत्येकाचं ताट वेगळ्या वेळी निघतं.

निघताना

अक्का माझी थोरली बहीण. सप्तापुरात स्वतःच्या घरात एकटी राहते. आमचे भावजी हायस्कुलात मास्तर होते, ते गेल्यावर वरच्या दोन खोल्या ती विद्यार्थ्यांना भाड्याने देते. दिवाळीनंतर ती न्हाणीघरात घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. कुणा भाडेकरूने तिला दवाखान्यात नेलं, प्लास्टर घातलं, आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. प्लास्टर निघालं तरी हातात जोर येईना. तेव्हा मी ठरवलं की बास झालं, अक्काने आता आमच्याकडे हुबळीत राहायचं.

घरात ठरवून थांबलो असतो तर बरं होतं. मी ते समोरच्या बसण्णाच्या दुकानावर चार माणसांत बोललो.

"चार दिवसांत अक्काला घेऊन येतो. नाही आणलं तर नाव बापू सांगणार नाही."

बसण्णा खोबऱ्याचा व्यापारी, तोंडाने फार गोड आणि मनाने त्याहून जास्त आगाऊ. म्हणाला, "अण्णा, अक्का येते म्हणाल्या काय?"

"तिला काय विचारायचं? मी भाऊ आहे तिचा."

"होय की. पण धाकटे ना तुम्ही?"

मी तिथून उठलो. घरी येऊन सूनबाईंना सांगितलं, माझी अडगळीची खोली रिकामी करा. त्या खोलीत माझ्या जुन्या मिरचीची पोती होती. ती हलवल्यावर घर दोन दिवस शिंकत होतं. मग खाट घातली, नवी चादर घातली. म्हणजे माघार घ्यायला जागा राहिली नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात होती, ती लपवत नाही. अक्काचा भाडेकरू आफ्रिकेतला आहे आणि तो तिच्या स्वयंपाकघरात स्वयंपाक करतो, असं कानावर आलं होतं. माझी अक्का म्हणजे अशी, की मी पाय धुतल्याशिवाय तिच्या ओट्याजवळ गेलो तर झारा उगारायची. मला वाटलं, हात मोडल्यावर बिचारीचं काही चालत नसेल. सोडवायला पाहिजे.

बस

हुबळी-धारवाडच्या रस्त्याच्या मधोमध जी गार हवेची बस धावते, तिच्यात मी पहिल्यांदाच चढलो. तिची दारं आपोआप मिटतात. मी आत गेलो, पिशवी दारात राहिली. पिशवीत अक्कासाठी आणलेली बेडगी मिरची होती, उत्तम सुकलेली, मी स्वतः निवडलेली. दाराने ती अशी दाबली की आतल्या मिरच्यांचा चुरा झाला. पुढचं तुम्ही समजून घ्या. खिडक्या बंद, हवा आतल्या आत फिरणारी. नवनगर येईपर्यंत माझी बाजू शिंकत होती, रायापूर येईपर्यंत सगळी बस. एक बाई म्हणाल्या, "कोण मसाला घेऊन बसलाय, खाली उतरवा त्याला." मी पण इकडेतिकडे बघितलं, कोण बसलाय म्हणून.

सप्तापूर

दार अक्काने उघडलं नाही. उंच, काटक, दाट कुरळ्या केसांचा एक मुलगा दारात उभा होता आणि त्याच्या खांद्यावर माझ्या भावजींचा पंचा होता. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "अज्जा, बर्री, बर्री. ऊटा आत?"

जन्म हुबळीत गेला माझा, पण दारात उभं करून, आजोबा या या, जेवण झालं का, असं इतक्या आपुलकीने कुणी कन्नडमध्ये विचारल्याचं मला आठवत नाही. मी ताठ उभा राहिलो आणि मराठीत म्हणालो, "अक्का कुठाय?"

"आत आहे मी," आतून आवाज आला. "तम्मा, न्यायला आलास ना? सूनबाईंचा फोन आला होता. येणार नाही मी. पाय धू आणि चहा घे."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. सत्तरी उलटली तरी तिला मी तम्माच.

मुलाचं नाव दावित. इथिओपियाचा. शेतकी शिकायला धारवाडात आला आहे. परीक्षा संपून सुट्टी लागली होती. सप्तापुरातले बाकीचे विद्यार्थी विजापूर, रायचूर, बागलकोट असे आपापल्या गावी गेले होते, खोल्यांना कुलपं होती. ज्यांचं गाव समुद्रापलीकडे, ते कुठे जाणार? म्हणून हुबळीत नर्सिंग शिकणारी सेलाम नावाची मुलगी आणि बंगळूरहून आलेले दोन मुलगे, असे सगळे देशवाले अक्काकडे जमले होते. दिवसभर पत्ते खेळायचे, गाणी लावायची, गच्चीवर लोळायचं आणि अक्काच्या स्वयंपाकघरात रांधायचं. हा त्यांचा सुट्टीचा कार्यक्रम.

"आणि तू रांधू देतेस?" मी हळूच विचारलं.

"अट घातलीय. अंडं नाही, मटण नाही."

"पाळतात?"

"तू जाऊन विचार."

मी कन्नडमध्ये विचारलं. दावित म्हणाला की आत्ता त्यांचा नाताळच्या आधीचा उपास आहे. त्यांचा नाताळ आपल्याकडच्या नाताळानंतर येतो आणि त्याच्या आधी महिनाभराहून जास्त उपास. अंडं नाही, मटण नाही. मी मान डोलावली. मग तो म्हणाला, दूध नाही. तूप नाही. दही नाही, लोणी नाही.

 आमच्या एकादशीला माझ्या ताटात साबुदाण्याची खिचडी, वर साजूक तूप, शेजारी दही, मग केळं, आणि संध्याकाळी धारवाडचा पेढा, कारण पेढा दुधाचा. मागच्या एकादशीनंतर माझा पट्टा एका भोकाने पुढे गेला होता. तरी मी त्याला म्हणालो, "आमचे उपास कडक असतात." अक्का खोकली.

त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट झाली. सेलामच्या आईने गावाहून बर्बरे नावाचा लाल मसाला पाठवला होता. मी म्हटलं, दाखवा. पन्नास वर्षं मिरचीच्या धंद्यात घालवलेला माणूस मी, वासावरून गाव सांगतो. डबी नाकाशी धरली, पण गाव काही कळेना, कारण ते गाव माझ्या यादीतच नव्हतं. तेवढ्यावर थांबावं की नाही? चिमूट जिभेवर टाकली.

"अज्जा, बेडा," दावित म्हणाला, म्हणजे नको. उशीर झाला होता.

उचकी लागली. तोंड मिटून, शांत चेहरा ठेवून मी उचक्या देत बसलो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसलं नाही, पुसलं तर वाहतंय असं कबूल केल्यासारखं होतं. अक्काने मुकाट्याने पेढा आणून हातावर ठेवला. मग मी माझी बेडगी काढली, जेवढी बसमध्ये वाचली होती तेवढी. दावितने ती कुटून आमटीत घातली. रंग असा आला की बघत राहावं. त्याने चव घेतली आणि फार अदबीने म्हणाला, "अज्जा, खारा इल्ला." तिखट नाही. आता बेडगी रंगासाठीच असते हे शेंबडं पोरही सांगेल. पण मी रागाने जेवणभर बोललो नाही. तसंही उचक्यांमुळे बोलता येत नव्हतं.

शुक्रवार

सकाळी आंघोळीला गेलो. ज्या न्हाणीघरात अक्का पडली तिथे भिंतीला ठिकठिकाणी पाइपाच्या मुठी बसवलेल्या होत्या. सिमेंट अजून नवं दिसत होतं. मी सगळ्या ओढून बघितल्या. एखादी तरी हलेल या आशेने ओढल्या, कारण हलली असती तर मला बोलायला जागा मिळाली असती. एकही हलली नाही.

"कुणी बसवल्या?" मी बाहेर येऊन विचारलं.

"दावितने," अक्का म्हणाली. "दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी."

"दवाखान्यात नेलं ते पण..."

"तोच. रिक्षा मिळेना तर शेजाऱ्यांची स्कूटर घेऊन आला. मला मागे बसता येईना, तर मला पुढे बसवून तो मागून चालवत होता. सगळं सप्तापूर बघत होतं."

मी म्हटलं, "तरी पण हुबळीत तुला माणसं आहेत." ती मटार सोलायला बसली, डाव्या हाताने.

दुपारनंतर कॉफी. कॉफीला आमच्याकडे पाच मिनिटं लागतात. त्यांच्याकडे अख्खी दुपार लागते आणि त्यांना त्याची लाज वाटत नाही. सेलामने हिरव्या कॉफीच्या बिया धुतल्या आणि छोट्या कढईत भाजायला घेतल्या. शेजारी ताटलीत मक्याच्या लाह्या. आमच्याकडे लाह्या नागपंचमीला, त्यांच्याकडे कॉफीला. बिया काळ्या झाल्या, धूर निघायला लागला, तशी ती कढई घेऊन उठली आणि एकेकापुढे धरू लागली. सगळ्यांत म्हातारी माणसं आधी, म्हणून पहिल्यांदा अक्का, मग मी.

अक्का त्या वेळी शिंकत होती, तिने काय केलं ते मला दिसलं नाही. माझ्यापुढे एक मुलगी दोन्ही हातांत धूर निघणारं भांडं घेऊन नम्रपणे वाकलेली. आता सांगा, आपण काय करतो? मी दोन्ही तळहात धुरावर धरले, डोळ्यांना लावले, डोक्यावरून फिरवले आणि खिशातून नाणं काढून कढईच्या कडेला ठेवलं.

 अक्का पदर तोंडावर धरून हलत होती. मग दावितने विचारलं, "अज्जा, असंच करायचं असतं?"

आता माघार कशी घेणार? "असंच," मी म्हणालो. "आमच्याकडे असंच."

त्यांनी ते खरं मानलं. ती दोघं बंगळूरची मुलं, दावित, सेलाम, सगळ्यांनी एकापाठोपाठ एक कॉफीची आरती घेतली. मागून मला कळलं की फक्त वास घ्यायचा असतो. पण पुढच्या दिवशीसुद्धा सगळ्यांनी आरती घेतली. आता इथिओपियात ही पद्धत गेली तर तिचा उगम हुबळीच्या मिरची गल्लीत आहे, एवढं नोंदवून ठेवतो.

कॉफी बिनदुधाची, काळीकुट्ट. तीनदा येते. तिसऱ्यांदा येईपर्यंत उठायचं नसतं. तेवढा वेळ सगळे नुसते बोलत बसतात. मी शेवटचा कुणाबरोबर एवढा वेळ बसलो होतो, ते आठवायला गेलो आणि लाह्या संपल्या.

शनिवार

हा माझ्या प्रवासातला मुख्य दिवस. यात मी सप्तापुरातल्या एका म्हशीला इथिओपिया खायला घातला.

मला पहाटे जाग येते. मागच्या दारी नळाजवळ एक बादली फडक्याने झाकून ठेवलेली होती. फडकं उचललं. आत काळपट, पातळ, फसफसलेलं काहीतरी, वर पिवळसर पाणी साठलेलं, आणि आंबूस वास. लहानपणी आमच्या घरी म्हैस होती. तिचं आंबोण, म्हणजे पेंड आणि कोंडा भिजवून घातलेलं, ते असंच दिसायचं, असंच वास मारायचं. कुंपणापलीकडे गौरव्वा नावाच्या गवळणीची म्हैस बांधलेली होती आणि ती माझ्याकडेच बघत होती. मी म्हटलं, अक्काचा हात दुखतो म्हणून आंबोण द्यायचं राहून जात असणार. पाहुणा म्हणून आलोय, एवढं पुण्य करावं.

म्हशीने बादली चाटूनपुसून साफ केली. मी ती राखेने घासून, पालथी घालून ठेवली. मला वाटलं कौतुक होईल.

सेलाम बादली न्यायला आली आणि पालथ्या बादलीकडे बघत राहिली. मग तिने दावितला हाक मारली. मग सगळे आले.

"आंबलं होतं," मी म्हणालो.

"अज्जा," दावित म्हणाला, "आंबायलाच ठेवलं होतं."

त्यांची भाकरी म्हणा, आंबोळी म्हणा, इंजेरा म्हणतात तिला. त्यांच्याकडे खसखशीएवढं बारीक धान्य असतं, ते इथे मिळत नाही, म्हणून दावितने नाचणीचं पीठ भिजवून तीन दिवस आंबवलं होतं. शनिवारचं दुपारचं मोठं जेवण त्याच्यावर व्हायचं होतं. रविवारी सकाळी बंगळूरची मुलं परत जाणार, सेलाम हॉस्टेलला जाणार, सुट्टीतलं शेवटचं एकत्र जेवण तेच. पुन्हा भिजवलं तर पुन्हा तीन दिवस.

 सेलामचे डोळे भरून आले आणि ती वर निघून गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर मलाही उलट शिव्या देता आल्या असत्या. दावित म्हणाला, "असू दे अज्जा, म्हशीला आवडलं ना?" आणि हसायचा प्रयत्न केला.

अक्काने मला बाजूला घेतलं. "माफी माग."

"मी? त्या पोरांची? या वयात?"

"मग काय वयाने म्हशीपुढे बादली ओतली?"

मी चप्पल घातली आणि बाहेर पडलो. मनात म्हटलं, माफी नको, भरपाई करतो. मऊ भाकरी आणून देतो ढीगभर. पण सुट्टी लागल्यामुळे सप्तापुरातल्या खानावळी बंद. एका दुकानात ज्वारीच्या कडक भाकऱ्या मिळाल्या, वाळवलेल्या, इकडे महिनाभर टिकतात तसल्या. एक मोडून बघितली तर तिचे कौलासारखे तुकडे झाले. मला घडी करून कालवण उचलता येईल अशी मऊ पाहिजे होती. तापलेल्या उन्हातून तसाच रिकाम्या हाताने परत आलो.

अक्का ओट्यापाशी स्टूल टाकून बसली होती. "ज्वारीचं पीठ डब्यात आहे," ती म्हणाली. "माझं मनगट चालत नाही. तुझी दोन्ही चालतात."

"मी भाकरी कधी केलीय?"

"खाल्लीस ना आयुष्यभर? बस."

मग त्या स्वयंपाकघरात मला दोन तास शाळा लागली. पाणी उकळी येईपर्यंत ऊन कर. मळ. आणखी मळ. मुठीने नाही, तळव्याच्या बुडाने. मिरची कांडतोयस का? अक्काचा आवाज हुबेहूब पाचवीच्या गुरुजींसारखा होता, फक्त या वेळी उठून जायला वाट नव्हती, दारात चारही पोरं उभी होती. सेलामसुद्धा खाली आली होती. बंगळूरच्या एका मुलाने फोन माझ्याकडे धरला होता.

पहिली भाकरी तव्यावर टाकली, अर्धी पडली, एक कोपरा तव्याच्या कडेवरच राहिला. उलटली तर कर्नाटकाच्या नकाशासारखी दिसत होती.

"बेळगाव तुटलं की," अक्का म्हणाली.

यावर आम्ही इकडची मराठी माणसं चारचौघांत जास्त बोलत नाही, म्हणून मी पुढची थापायला घेतली. दुसरी फाटली. तिसरी फुगली आणि मी सगळ्यांकडे असं बघितलं की जणू ती मी जन्माला घातली. तेवढ्यात ती जळली. मग सेलाम माझ्याशेजारी येऊन बसली. तिने एक गोळा घेतला, माझ्या हातांकडे बघत थापला आणि तिची भाकरी पहिल्या फेरीतच गोल झाली. ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

जेवण परातीत. एकच मोठी परात, तिच्यात भाकऱ्या अंथरल्या, त्यांच्यावर मसुराची लाल आमटी, माझ्या बेडगीच्या रंगाची, कोबी, बीट, आणि मधोमध एक पिवळं घट्ट. मी बोट लावून बघितलं.

"हे पिठलं आहे," मी म्हणालो.

"शिरो," दावित म्हणाला.

"पिठलं आहे. नाव काही ठेव."

सगळे परातीभोवती बसले. प्रत्येकाने आपल्या समोरून खायचं, पण परात एक. मी उभाच राहिलो.

"अक्का, एका ताटात? उष्टं?"

"बस. हे असते तर हेसुद्धा बसले असते."

"भावजी नसते बसले."

"बसवलं असतं मी. बस म्हणते ना."

मी बसलो. कडेकडेने खात होतो, माझ्या हद्दीतलं. तेवढ्यात दावितने भाकरीचा तुकडा तोडला, त्यात थोडं थोडं सगळं घेतलं, चांगला लाडवाएवढा घास वळला आणि माझ्यापुढे केला. मी तळहात पुढे केला. त्याने मान हलवली. घास माझ्या तोंडाशी धरला.

आपल्याकडे घास भरवतात तो लग्नात नवरा-नवरीला, नाहीतर लहान मुलाला, नाहीतर आजाऱ्याला. मी म्हणालो, "मला बरं आहे."

अक्का म्हणाली, "मान द्यायची पद्धत आहे त्यांची. मोठ्या माणसाला भरवतात. नाही म्हणायचं नसतं."

"अज्जा, बाय तगीरी," दावित म्हणाला. तोंड उघडा.

मी तोंड उघडलं. घास एवढा मोठा की अर्धी आमटी मिशीत गेली. चावत होतो तेव्हा लक्षात आलं की घरात माझ्या तोंडात असा घास कुणी दिला त्याला किती वर्षं झाली असतील, आणि आता काही बोलावं म्हटलं तर तोंड भरलेलं. घास गिळतोय तोवर त्याने दुसरा पुढे केला.

"एकावर थांबत नाहीत," सेलाम म्हणाली.

दुसराही घेतला. मग मी माझ्या एका वाकड्या भाकरीचा तुकडा तोडला, घास केला आणि दावितच्या तोंडाशी नेला.  त्याने खाल्ला. मग सेलामला एक दिला, एकावर थांबत नाहीत म्हणून आणखी एक दिला.

"झालं," अक्का म्हणाली. "मागितली माफी."

पायरीवर

ऊन उतरल्यावर अक्का आणि मी बाहेरच्या पायरीवर बसलो. गच्चीवर पोरांची गाणी चालू होती. मी विषय काढला. खोली रिकामी केलीय म्हणालो, खाट घातलीय, नवी चादर घातलीय. गल्लीत मी शब्द दिलाय, तेही सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तम्मा, घरी तू दुपारी कुणाबरोबर जेवतोस?"

"प्रत्येकाची वेळ असते. कामं असतात लोकांना."

"म्हणजे एकटा."

"टीव्ही असतो."

"मग मी येऊन काय करू? तुझ्या शेजारी बसून टीव्ही बघू?" मग म्हणाली, "तू मला न्यायला नाही आलास रे. जेवायला सोबत न्यायला आलास. सोबत माझ्याकडे इथे भरपूर आहे. तुझ्याकडे पण आहे, चार माणसं आहेत घरात. तू कधी म्हणालास का त्यांना, बसा म्हणून?"

मला राग आला. माझी सवय अशी आहे की खरं ऐकलं की राग येतो, त्यावरून मी ओळखतो. "उद्या पहिल्या बसने जातो," मी म्हणालो.

"दहाची पकड," अक्का म्हणाली. "तिला गर्दी नसते. आणि मिरची नेऊ नकोस परत."

परत

निघताना फाटकात गौरव्वाची म्हैस उभी. दावं सोडवून आली होती, मान आत घालून नळाकडे बघत हंबरत होती. मागून गौरव्वा धावत आली. "अज्जा, काय खायला घातलंत हिला? कालपासून माझं आंबोण तोंडात घेईना ही." दावित वळून माझ्याकडे बघत होता. मी पिशवी उचलली आणि बस पकडायला निघालो.

गल्लीत शिरलो तर बसण्णा दुकानात होताच. त्याने माझ्या मागे बघितलं, रस्त्याच्या टोकापर्यंत बघितलं.

"अण्णा, अक्का कुठायत?"

"आली नाही."

"अरेरे. मग आता तुम्हाला बापूअण्णा म्हणायचं नाही ना? शब्द होता तुमचा."

"अज्जा म्हण," मी म्हणालो आणि घरात गेलो.

सूनबाईंनी खोलीच्या दाराकडे बघितलं. मी म्हटलं, खाट राहू द्या, पुढच्या सुट्टीला अक्का चार पोरांना घेऊन राहायला येणार आहे. हे मी अक्काला विचारलेलं नव्हतं. सवय जात नाही.

मग मी जेवायला बसलो नाही. सूनबाई म्हणाल्या, "मामा, ताट वाढलंय." मी म्हटलं, सगळे आल्यावर. सुरेशला यायला उशीर आहे म्हणाल्या. मी म्हटलं, बसतो. टीव्ही बंद केला, माळ्यावरची मोठी परात काढायला लावली आणि तिच्यासमोर बसून राहिलो. हट्ट करायचा एवढं एकच काम मला नीट जमतं. नात आली, बघून तीही बसली. सूनबाई बसल्या. सुरेश दुकान बंद करून आला तेव्हा आम्ही तिघं रिकाम्या परातीभोवती बसलो होतो. त्याला वाटलं, अक्काचं काही बरंवाईट झालं.

"काही झालं नाही. हात धू, बस."

भाकऱ्या सूनबाईंच्या होत्या, म्हणून गोल होत्या. मी एक तुकडा तोडला, त्यात थोडी भाजी, थोडं पिठलं घेतलं, घास वळला आणि सुरेशच्या तोंडाशी धरला. सुरेश पन्नाशीला आलेला माणूस. मान मागे घेऊन माझ्याकडे बघत राहिला.

"अप्पा, काय झालंय तुम्हाला?"

"बाय तगीरी," मी म्हणालो.

त्याने एकदा बायकोकडे बघितलं, एकदा मुलीकडे बघितलं आणि तोंड उघडलं. घास जरा मोठा झाला होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं असं दिसत होतं, पण बोलता येईना. तोवर मी दुसरा वळायला घेतला.